‘हं’ म्हणेपर्यंत थांबणारी केबल

मी बोलतेय. म्हणजे, बोलू का? आधी विचारलेलं बरं. विचारल्याशिवाय तोंड उघडायची मला सवय नाही आणि समोरच्याने होकार दिल्याशिवाय पुढचा शब्द काढायचीही नाही. पण छापलेल्या पानातून तुमची मान हललेली मला दिसत नाही, त्यामुळे तुमचा होकार गृहीत धरते. एवढं एकदाच. एरवी गृहीत धरणं माझ्या स्वभावात नाही, आणि का नाही ते पुढे कळेलच.

मी एक केबल आहे. राखाडी, करंगळीएवढी जाड. माझं एक टोक वरच्या मजल्यावरच्या कॉम्प्युटरला जोडलेलं आहे, दुसरं तळमजल्यावरच्या भरतकामाच्या मशीनला, आणि मधलं सगळं अंग जिन्याच्या भिंतीवर क्लिपांनी ठोकलेलं आहे. जिन्याला चांगला लाकडी कठडा आहे, पण चढणारी माणसं नेमकी मलाच धरून चढतात. वर कॉम्प्युटरवर चित्र तयार होतं, ते माझ्यातून खाली उतरतं आणि मशीन ते कापडावर टाक्याटाक्याने भरतं.

लोकांना वाटतं, केबल म्हणजे नळी. एका बाजूने ओतलं की दुसऱ्या बाजूने पडतं. तसं नाही हो. माझ्या पोटात बऱ्याच तारा आहेत आणि प्रत्येकीचं काम वेगळं. एक तार चित्र वाहून नेते. ती जरा भाव खाते. बाकीच्या तारांमधून चित्राचा एक टाकाही जात नाही. एकीतून कॉम्प्युटर विचारतो, ‘पाठवू का?’ दुसरीतून मशीन सांगतं, ‘पाठव’, नाहीतर ‘थांब’. जाणकार मंडळी या विचारपुशीला हस्तांदोलन म्हणतात. हात ना त्यांना आहेत, ना मला. पण नाव भारदस्त आहे, राहू दे.

तुम्ही म्हणाल, एवढं विचारायचं कशाला? सांगते. दोघांच्या बोलण्याचा वेग आधी ठरवून घ्यावाच लागतो. एकजण भरभर बोलतोय आणि दुसरा रमतगमत ऐकतोय असं झालं, तर अक्षर न् अक्षर चुकतं. पण वेग जुळला तरी भागत नाही. मशीनचं पोट लहान. चार घास घेतले की त्याला ते आधी सुईने कापडावर उतरवावे लागतात, तेव्हा कुठे पुढचे घास घेता येतात. पोट भरलं की मशीनवर एक लाल दिवा लागतो, त्याच क्षणी माझ्या तारेतून वर ‘थांब’ जातं आणि कॉम्प्युटर जागच्या जागी गप्प बसतो. दिवा विझला की पुन्हा सुरू. इतकं साधं आहे. माणसांना ते का जमत नाही, हे मला कधीच कळलं नाही.

माझा जन्म जेवणाच्या टेबलावर झाला. मला तात्यांनी बनवलं. तात्या म्हणजे या घरातल्या दोन भावांचे वडील. टेलिफोन खात्यात लाइनमन होते. निवृत्त झाल्यावर स्वस्थ बसवेना, म्हणून त्यांनी भरतकामाचं एक वापरलेलं मशीन आणलं. विकणाऱ्याने मशीन दिलं, स्टँड दिला, तेलाची बाटलीसुद्धा दिली. केबल तेवढी हरवली होती. ‘एवढंच ना?’ म्हणत तात्यांनी सोल्डरिंगची गन तापत ठेवली. पिनेला कथिलाचा डाग देताना ते जीभ दातांत धरायचे. एक डाग पिनेवर पडायचा तो टेबलक्लॉथवर पडला, आणि त्यावरून घरात जे काही बोलणं झालं ते मी जन्मल्याजन्मल्या ऐकलं.

मला भिंतीवर ठोकल्यावर तात्यांनी दोन्ही मुलांना जिन्यात बोलावलं. थोरल्याला सगळे दादा म्हणतात. धाकट्याचं घरातलं नाव बारक्या. बारक्या हे नुसतं म्हणायला; दारातून आत येताना त्याला मान वाकवावी लागते आणि त्याची कानशिलंही आता पांढरी झाली आहेत.

“चित्र काय, तीन तारांतूनसुद्धा जाईल,” तात्या म्हणाले. “उद्या कुणीतरी सांगेल तुम्हाला, बाकीच्या कशाला हव्यात म्हणून. पण त्या विचारपूस करतात रे. त्या कधी...”

“हो हो तात्या, कळलं,” म्हणत बारक्या जिना चढून गेलासुद्धा. दादा तिथेच उभा राहिला, त्याने शेवटपर्यंत ऐकलं आणि एक अक्षर न बोलता मशीनकडे गेला. तात्या माझ्याकडे बघून हसले. मुलं कशी आहेत ते त्यांना ठाऊक होतं.

तर असे हे दोघे. बारक्या वर कॉम्प्युटरवर चित्रं करतो, दादा खाली मशीन चालवतो. बारक्याचं बोलणं म्हणजे धबधबा. “दादा, जेवलास का, तो निळा धागा आला का, आणि अरे, माझा चष्मा कुठे बघितलास का?” दादा जेवल्याचं सांगायला तोंड उघडतो, तोवर बारक्या वर पोचलेला असतो. आणि दादाचं उलटं. तो सगळं ऐकतो, पण ऐकलं म्हणून सांगत नाही. साधा ‘हं’सुद्धा नाही. त्याची बायको, म्हणजे बारक्याची वहिनी, पुढच्या खोलीत गिऱ्हाईक बघते. तिने एकच गोष्ट त्याला तीनदा सांगितलेली मी ऐकली आहे.

“अहो, ऐकताय ना?”

“ऐकलं की.”

“मग तसं म्हणायचं ना!”

“ऐकलं म्हणून काय दवंडी पिटू?”

हे सगळं बघून मला हसू यायचं. अशा दोघांमध्ये भांडण न होता काम चालायचं, कारण त्यांच्या वतीने विचारणारी आणि उत्तर आणणारी मी होते. त्यांना याचा पत्ताही नव्हता. मला त्याचं वाईट वाटत नव्हतं, निदान तेव्हा तरी.

मग तात्या गेले. मशीन काही दिवस बंद होतं. त्यांची मला अजून आठवण येते, आणि ते सांगायला मला लाज वाटत नाही.

काम पुन्हा सुरू झालं तसा बारक्या माझ्यावर चिडायला लागला. मशीनने ‘थांब’ सांगितलं की त्याच्या पडद्यावर पाठवणं अडायचं आणि ‘प्रतीक्षा करा’ अशी ओळ यायची. प्रतीक्षा हा शब्द बारक्याला सोसत नाही. तो टेबलावर बोटं वाजवायचा, खुर्चीत गिरक्या घ्यायचा आणि म्हणायचा, “ही म्हातारी सारखी अडते!” शेवटी एके दिवशी त्याने बाजारातून नवीन केबल करून आणली. काळी, बारीक, चकचकीत. मला भिंतीवरून उपटलं आणि जिन्याखालच्या खिळ्यावर टांगलं. माझ्या एका बाजूला काडी मोडलेली छत्री, दुसऱ्या बाजूला जुनं फडकं.

नवी केबल मी नीट न्याहाळली. खोटं कशाला बोलू, जळफळाट झाला होता माझा. तिच्यात तीनच तारा होत्या. आणि विचारपुशीचं काय केलं होतं? कॉम्प्युटरकडच्या टोकाला ‘पाठवू का?’च्या पिनेतून तारेचा एक इवलासा तुकडा काढून ‘पाठव’च्या पिनेत वळवला होता. म्हणजे कॉम्प्युटरने विचारायचं ‘पाठवू का?’ आणि त्याचाच प्रश्न वळून त्याच्याच कानात ‘पाठव’ म्हणून शिरायचा! खालच्या मशीनला कुणी विचारायचं कारणच नाही. अशी माणसं तुमच्याही ओळखीची असतील. “तुला चालेल ना? चालेल. मग ठरलं तर!”

आणि काय सांगू, कौतुक झालं हो तिचं. पडद्यावर ‘प्रतीक्षा करा’ येईनासं झालं. टोप्यांवरची नावं, खिशांवरची बोटभर चिन्हं सगळी व्यवस्थित यायची, कारण एवढीशी चित्रं मशीनच्या पोटात एका दमात मावत. “बघितलंस दादा, केवढा फरक!” बारक्या म्हणायचा. दादा अर्थातच काही म्हणायचा नाही. मी खिळ्यावर गप्प होते आणि मोठं काम कधी येतंय याची वाट बघत होते. वाट बघणं मला चांगलं जमतं.

मोठं काम आलं ते अग्निशमन दलाचं. त्यांच्या नव्या केंद्राचं उद्घाटन होतं. जवानांच्या जॅकेटांवर पाठभर चिन्ह हवं होतं: उंच इमारत, तिला लावलेली शिडी आणि शिडीवर चढणारा जवान. बारक्याने चित्र झकास काढलं. दादाने आधी चिंधीवर भरून बघितलं. इमारत छान आली. शिडी मात्र इमारत सोडून चार बोटं लांब, हवेतच उभी राहिली आणि जवान तिच्याही पलीकडे तरंगत होता.

असं का झालं, ते मला खिळ्यावरून स्वच्छ दिसत होतं. मशीनला प्रत्येक टाका ‘इथून इतका उजवीकडे, इतका वर’ असा सांगतात. मधले काही टाके गळले की पुढचं सगळं चित्र तेवढ्याने सरकतं. मशीनचं पोट भरलं होतं, लाल दिवा लागला होता आणि तरी वरून ओतणं सुरूच होतं. जे मावलं नाही ते वाऱ्यावर गेलं.

“चित्रच वाकडं काढलंयस,” दादा म्हणाला.

“माझं चित्र पडद्यावर बघ की! मी सगळं पाठवलंय. तू कापड ताणायची फ्रेम सैल बसवली असशील.”

“मला जेवढं आलं तेवढं मी भरलं.”

“आणि मी जेवढं होतं तेवढं पाठवलं!”

गंमत बघा. दोघंही अगदी खरं बोलत होते. पाठवणाऱ्याने पाठवलं होतं आणि घेणाऱ्याला मिळालं नव्हतं. जगातली निम्मी भांडणं अशीच असतात असं मला वाटतं, पण माझं जग एका जिन्याएवढं आहे, त्यामुळे फार बोलत नाही.

पुन्हा भरलं, पुन्हा सरकलं, आणि दर वेळी वेगळ्याच ठिकाणी. दादाचा पारा चढला. त्याने हट्टाने चिंधी काढून खरं जॅकेट लावलं, फ्रेम आवळून आवळून बसवली. तेही नासलं. नेमके तेव्हाच दलाचे अधिकारी काम कुठवर आलं ते बघायला आले. त्यांनी जॅकेट हातात घेतलं, लांब धरलं, जवळ धरलं.

“आमचा माणूस शिडी कशाला लावून चढणार?” त्यांनी विचारलं. ते हसले नाहीत. उद्यापर्यंत एक तरी जॅकेट नीट दिसलं नाही, तर काम दुसरीकडे देईन असं सांगून ते गेले.

त्या दिवशी दोघा भावांनी एकमेकांना नाही नाही ते ऐकवलं. चष्म्यापासून तात्यांच्या आजारपणापर्यंत सगळं निघालं. “तू माझं कधी ऐकूनच घेत नाहीस,” असं दादा म्हणाला. “तू कधी काही बोलतोस तरी का?” असं बारक्या म्हणाला. शेवटी दादाने खडू घेतला आणि जमिनीवर दारापासून मागच्या भिंतीपर्यंत सरळ रेघ मारली. इथे भिंत घालायची. हे काम झालं, नाही झालं, तरी यापुढे मशीन याचं आणि कॉम्प्युटर त्याचं. कॉम्प्युटर नसलेलं मशीन काय भरणार आणि मशीन नसलेला कॉम्प्युटर कुणाला चित्रं दाखवणार, हे कुणी विचारलं नाही. वहिनीने डोळ्याला पदर लावला. मला फार वाईट वाटलं. तात्यांनी दोघांना जोडायला मला बनवलं होतं आणि मी मोडक्या छत्रीशेजारी लोंबकळत होते.

दुसऱ्या दिवशी अबोला. पण जॅकेट तर करायला हवं होतं. मग निरोप नेण्याआणण्याचं काम वहिनीकडे आलं. ती जिन्याच्या मध्यावर उभी राहिली. तिथून वरच्या उघड्या दारातून पडदा दिसतो आणि खाली मशीनही दिसतं.

“त्याला सांग, सुरू कर,” दादा म्हणाला.

“भाऊजी, सुरू करा.”

सुई धावायला लागली. थोड्या वेळाने खाली लाल दिवा लागला. दादाने तो बघितला. रोजच बघत होता बिचारा. माझ्या वेळी दिवा लागला की वरचं आपोआप थांबायचं, तसंच आताही थांबत असेल असं तो धरून चालला होता. पण वहिनीला दोन्हीकडचं एकदम दिसत होतं.

“भाऊजी, खाली लाल दिवा लागलाय.”

“मग?”

“मग तुमच्या पडद्यावर आकडे पळतायतच की.”

“पळणारच. फास्ट आहे ना!”

“अहो, पण मशीनचं पोट भरलंय. भरल्या पानात वाढताय तुम्ही. ते जातंय कुठं?”

बारक्याने कळ दाबून पाठवणं थांबवलं. मला हात असते तर मी वहिनीचा हात हातात घेतला असता.

मग नवीन जॅकेट लावून पहिल्यापासून सुरुवात झाली. दिवा लागला की वहिनी ओरडायची, “थांबा!” बारक्या कळ दाबून पाठवणं थांबवायचा. दिवा विझला की, “सोडा!” सगळी विचारपूस जिन्यात उभी होती, साडी खोचून. इमारत उभी राहिली. शिडीचा पहिला पाय इमारतीला चिकटूनच पडला. वहिनीचा घसा बसत चालला होता, पण ती हटली नाही.

आणि नेमकी पुढच्या खोलीतली घंटा वाजली. अधिकारी आले होते. “बसा हं, आलेच,” असं म्हणायला ती धावत गेली, आणि इकडे लाल दिवा लागला.

माझा जीव खालीवर झाला. जवान अर्धा भरून झाला होता. आता दोन टाके जरी गळले, तरी जॅकेट गेलं, काम गेलं, आणि खडूच्या रेघेवर भिंत आली. दादाने जिन्याकडे बघितलं. जिन्यात कुणी नव्हतं. त्याने ओठ हलवले, आवाज फुटला नाही. मी ओरडले असते हो, पण माझं एकही टोक कशाला जोडलेलं नव्हतं. बोल रे दादा, आता तरी बोल, असं मी मनातल्या मनात म्हणत होते.

“बारक्या!” दादा ओरडला. “थांब रे!”

“थांबलो, दादा!”

वरून लगेच उत्तर आलं. मग सगळं शांत झालं. सुई तेवढी टकटक पुढे जात होती. बारक्या, जो कधी कुणाचं वाक्य पुरं होऊ देत नाही, तो वर श्वास रोखून बसला होता. दिवा विझला. तरी त्याने कळ दाबली नाही.

“दादा, सोडू का?” त्याने विचारलं, आणि वाट बघितली.

दादाने घसा खाकरला.

“हं,” तो म्हणाला. “सोड.”

जॅकेट पुरं झालं. अधिकाऱ्यांनी ते लांब धरलं, जवळ धरलं, शिडीवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, “आता चढता येईल.” वहिनी मात्र दारातच थबकली होती. आतलं ओरडणं तिने ऐकलं होतं, आणि बसलेल्या घशाने ती हसत होती.

जेवणं झाल्यावर बारक्या जिन्याखाली वाकला. त्याने मला खिळ्यावरून काढलं, फडक्याने पुसलं आणि माझी पिन न् पिन उजेडात धरून बघितली.

“तात्यांनी हिच्याबद्दल काहीतरी सांगितलं होतं ना रे? मी पुरतं ऐकलंच नाही.”

“मी ऐकलं होतं,” दादा म्हणाला. “विचारपुशीच्या तारा काढू नका म्हणाले होते. मी तुला बोललो नाही.”

मग दादाने स्टूल आणलं, बारक्याने क्लिपा धरल्या आणि मला पुन्हा माझ्या भिंतीवर ठोकलं. खडूच्या रेघेचा विषय कुणी काढला नाही. वहिनीने ओलं फडकं घेऊन ती पुसून टाकली, कुणालाही न विचारता. विचारल्याशिवाय केलेलं तेवढं एकच काम मला आवडलं.

त्यालाही आता बराच काळ लोटला. वाकते तिथे माझी कातडी चिरली आहे, तिथे बारक्याने चिकटपट्टी गुंडाळली आहे. येणारे जाणारे मला हसतात. “अजून तारा वापरता? आता सगळं हवेतून जातं,” म्हणतात. जात असेल. पण हवेतून जाणारेसुद्धा आधी एकमेकांना ‘आहेस का? पाठवू का?’ असं विचारतातच, हे त्यांना कुणी सांगितलेलं दिसत नाही. तुमच्या खिशातला तो फोनसुद्धा दिवसभर अशीच विचारपूस करत असतो. तुमच्यापेक्षा जास्तच.

आणि आमच्या घरातली गंमत अशी, की आता दिवा लागला की मी वर ‘थांब’ पोचवतेच, कॉम्प्युटर थांबतोच. कुणी ओरडायची काही गरज नाही. तरी दादा खालून ओरडतो, “थांब रे!” वरून आवाज येतो, “थांबलो!” मग, “सोडू का?” मग, “हं, सोड.” माझ्या कामात ही सरळ सरळ लुडबुड आहे. मी तक्रार करत नाही. उद्या माझी एखादी तार तुटली तरी या घरातली एकही शिडी हवेत उभी राहायची नाही, एवढं मला कळून चुकलंय.

माझं सांगणं संपत आलं. तुमच्याकडे एकच मागणं आहे. कुणीतरी तुम्हाला काही सांगून कधीचं थांबलं असेल, स्वयंपाकघरात, फोनवर, जिन्यात. त्याला ‘हं’ म्हणा. मोठ्याने म्हणा. मनातल्या मनात म्हटलेलं तिकडे पोचत नाही, आणि याची खात्री माझ्याइतकी कुणाला नसेल.

सुरुवातीला तुमचा होकार मी गृहीत धरला होता. शेवटी तसं करणार नाही. माझ्याकडे होतं ते सगळं पाठवलंय. तुम्हाला पोचलं का?

मी थांबलेय.